झेंडा मी बांधला होता

काकाजी, त्या सव्वीस जानेवारीला शाळेत उलटा फडकलेला झेंडा तुम्ही बांधलेला नव्हता. तो मी बांधला होता.

एकोणीस वर्षं झाली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना नाही. तुम्हाला सांगावं लागलं नाही, कारण तुम्हाला ते त्याच मिनिटाला कळलं होतं. तरी सांगायला हवं होतं. आता तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले आणि मला वाचा फुटली आहे. उशीर करण्यात माझा हात धरणारा गावात दुसरा कोणी नसेल.

तुमच्या मातीला आसपासचे पाच-सहा माजी सैनिक आले होते. त्यांच्यातले एक मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शेजारी, वरून शिकलेले. हवालदार साहेबांवर चार शब्द लिहा." पलटण कोणती, कुठे कुठे पोस्टिंग झालं, कोणती पदकं मिळाली, ते सगळं त्यांच्या कागदात आहे, त्यांनी ते खुशाल छापावं. मला त्यातलं फार ठाऊक नाही. बर्फातल्या पोस्टबद्दल विचारलं तर तुम्ही "थंड होतं" एवढंच सांगायचात. मला ठाऊक आहे ते वेगळं आहे. हवालदार सोमाजी मडावी हे गावाच्या तोंडी आजही 'उलटा फौजी' आहेत, आणि ते नाव माझ्यामुळे पडलं.

मी लहान होतो तेव्हा तुम्ही सुट्टीवर यायचात. सिंदीच्या स्टेशनवर उतरायचात. काळी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. गावाकडे येणाऱ्या एखाद्या बैलबंडीत तुम्ही पेटी ठेवायचात आणि स्वतः बंडीच्या मागून चालत यायचात. बंडीवाला विनवायचा, "फौजी, बसा ना बाप्पा, रिकामीच जाऊन राह्यली." तुम्ही म्हणायचात, "दोन दिवस बसूनच आलो. पायाले गंज चढते." मग गावात बातमी आधी पोचायची, पेटी नंतर आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी. आमच्या किराणा दुकानासमोर थांबून बाबांना कडक सलाम ठोकायचात. बाबा काट्यावरून नजर न उचलता म्हणायचे, "आले काय? बसा." तुम्ही कधी बसला नाहीत.

आमच्या मागच्या गल्लीत तुमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. तुमचं आणि काकूंचं भांडण झालं की ते गोंडीत व्हायचं. शेजाऱ्यांना कळत नाही, असं तुम्हाला वाटायचं. काकाजी, सगळं कळायचं. मधूनच "राशन", "पेन्शन", "तुह्या भावाले" असे शब्द यायचे, आणि शेवटी काकू भांडं आपटायच्या. भांड्याची भाषा सगळ्या गल्लीला येत होती.

नोकरी संपवून तुम्ही कायमचे परत आलात, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात शाळेत गेलात, हे मला आमच्या जुन्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. पंधरा ऑगस्ट होऊन गेला होता. तुम्ही ऑफिसात जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "सर, तुमचा झेंडा लंगडून राह्यला. मी बांधून देत जाईन." मुख्याध्यापक म्हणाले, "बांधा." त्यांनाही कोणीतरी हवंच होतं. तेव्हापासून दर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडा तुम्ही बांधायचात. कोणी तुम्हाला नेमलं नव्हतं. पण गावात एक काम तुमचं म्हणून ठरून गेलं.

मी त्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो. तीन वर्षं कच्ची नोकरी, नंतर पक्की. तुम्ही मला बाळपणापासून चड्डीत पाहिलेलं, तरी पहिल्या दिवसापासून "मास्तर" म्हणायला लागलात, आणि 'तू'चं 'तुमी' केलंत. मी म्हटलं, "काकाजी, मला काय अहो-जाहो?" तुम्ही म्हणालात, "वर्दीले सलाम असते मास्तर, आतल्या मान्साले नाई. खूश नका होऊ."

तुमची झेंडा बांधायची रीत मी जवळून पाहिली आहे. सकाळी सहाला अंघोळ करून यायचात. चपला फाटकाशी काढायचात. झेंडा कपाटातून घ्यायचा तो दोन्ही हातांवर, आणि टेबलावर ठेवायच्या आधी टेबल तुमच्या दुपट्ट्यानं पुसायचं. झेंड्याच्या कडेच्या दोरीला एका टोकाला लाकडाची लहान खुंटी असते, दुसऱ्या टोकाला नुसता फासा. खुंटीकडची बाजू वर. तुम्ही ती खुंटी आधी बोटांनी चाचपायचात, मग ओठांत धरायचात, आणि झेंड्याची घडी होईपर्यंत ती ओठांतून सोडायची नाही. कोणी बोललं तर फक्त मान हलवायचात. "डोक्सं सापडलं का सोडाचं नाई," तुम्ही नंतर सांगायचात. "नाईतर घडी झाल्यावर दोनी टोकं सारखेच दिसते." मग दोरीला अडकवून वर चढवायचात आणि सुरगाठ मारायचात, एका ओढीत सुटणारी. मग हात झटकून म्हणायचात, "आता याले कोनी हात लावाचा नाई." आणि घरी जायचात, निळा कोट, टोपी आणि पदकं घालून यायला.

फुलांवरून तुमचं आणि मुख्याध्यापकांचं दरवर्षी वाजायचं. त्यांना झेंड्यातून पाकळ्यांचा वर्षाव हवा असायचा. तुम्ही म्हणायचात, "झेंडा हाय का नवरदेव?" शेवटी मूठभर कोरड्या झेंडूच्या पाकळ्यांवर तह व्हायचा.

त्या सव्वीस जानेवारीला तुम्ही मूठभर झेंडू टाकून, गाठ मारून घरी गेलात. साडेसात वाजले असतील. संस्थेच्या अध्यक्षांची गाडी आली नव्हती, पण त्यांनी वर्ध्याहून माणसाच्या हाती गुलाबाच्या पाकळ्यांची पिशवी पुढे पाठवली होती. ओल्या, प्लॅस्टिकमध्ये घामेजलेल्या. मुख्याध्यापक पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ह्या पण टाकून घ्या. अध्यक्षांनी पाठवल्या आहेत. फौजी यायच्या आत उरका." मी म्हटलं, "सर, काकाजींनी हात लावू नका म्हटलंय." ते म्हणाले, "शाळा फौजीची आहे का अध्यक्षांची?"

मी झेंडा उतरवला. वारा होता म्हणून दोरीतून सोडवून ऑफिसात नेला. पाकळ्या भरल्या, घडी घातली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी धावत जाऊन झेंडा अडकवला, वर चढवला, हाताला आली ती गाठ मारली. खुंटी कुठे होती ते मी पाहिलं नाही. पाहायचं असतं हे मला माहीत होतं. दोन वर्षं तुम्हाला पाहत आलो होतो. पाहिलं नाही.

पुढचं तुम्हाला माझ्याहून नीट आठवत असेल. अध्यक्षांनी दोरी ओढली, झेंडा उघडेना. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी अंग टाकून ओढली तेव्हा ओल्या पाकळ्यांचा गोळा त्यांच्या खांद्यावर पडला आणि झेंडा उघडला. हिरवा वर, केशरी खाली. बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "अवो बाई, उल्टा झाला."

तुम्ही रांगेतून निघालात. धावला नाहीत. खांबाशी येऊन झेंडा उतरवलात, छातीशी धरलात. दोरीत माझी निरगाठ अर्धी तशीच अडकली होती. तुमचा अंगठा तिच्यावरून एकदा फिरला. मी चार हातांवर उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. संपूर्ण मैदानात तुम्ही ज्याच्याकडे पाहिलं नाही असा मी एकटा होतो. त्यावरूनच मला कळलं की तुम्हाला कळलं आहे.

झेंडा सरळ चढला, राष्ट्रगीत झालं. तालुक्याहून एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी तिथेच विचारलं, "हा झेंडा कोणी बांधला?"

मुख्याध्यापक खाली बघत होते. मी माझे बूट बघत होतो. काळे, नवे, त्या दिवसासाठी घेतलेले.

"मी बांधला, साहेब," तुम्ही म्हणालात. "चूक माही हाय."

"तुम्ही फौजेत होता ना?"

"होतो, साहेब."

"मग लाज वाटत नाही?"

तुम्ही "वाटते, साहेब" म्हणालात.

नंतर ऑफिसात साहेबांनी लेखी मागितलं. राष्ट्रध्वजाचा अवमान आहे, गुन्हा होऊ शकतो, पण माजी सैनिक आहात म्हणून माफीनाम्यावर मिटवतो, असं म्हणाले. तुम्ही मला हाक मारलीत. "मास्तर, माहं अक्षर बराबर नाई. तुमी लिवा." मी लिहायला बसलो. तुम्ही उभे होता. मी 'माझ्या नजरचुकीने' असं लिहिलं. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "नजर माही साफ हाय. 'माझ्या हातून' लिवा." मी खोडून 'माझ्या हातून' लिहिलं. तुम्ही सही केलीत, आणि सहीखाली सवयीनं पलटणीतला नंबर टाकलात. मी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं.

मुख्याध्यापकांना सगळं ठाऊक होतं. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. ते आठ वर्षांपूर्वी वारले.

त्या दिवशी घरी जेवताना बाबा म्हणाले, "मी त पह्यलेच सांगत होतो. जंगलातल्या मान्साच्या हाती झेंडा देल्ला का असंच होते." आईनं मला आणखी वरण वाढलं. मी "बस" म्हणालो. त्या ताटावर बसून मी तोंड उघडलं असतं तर ते वाक्य तिथेच मेलं असतं. मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य दुकानात सात-आठ गिऱ्हाइकांना ऐकवलं गेलं, आणि आठवडाभरात तुमचं नाव 'उलटा फौजी' झालं. गावाला नाव ठेवायला किती वेळ लागतो? कोणी रस्त्यात विचारायचं, "काहो फौजी, पाकिस्तान वर का खाली?" तुम्ही म्हणायचात, "तुह्या घराच्या मांगं." लोक हसायचे, तुम्हीही हसायचात. तुमचं ते हसणं मला दुकानाच्या आतून ऐकू यायचं.

साधारण दहा दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावलंत. मला वाटलं, आता विचाराल. मी मनात वाक्यं जुळवून आलो होतो. तुम्ही घरापुढच्या छपरीत बसला होता, खाटेच्या पायाला एक दोरी बांधलेली, मांडीवर तुमचा दुपट्टा. म्हणालात, "बसा मास्तर. सुरगाठ शिकून घ्या." दुपट्ट्याच्या एका टोकाला तुम्ही पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची काडी अडकवली होती, खुंटी म्हणून. मला घडी घालायला लावलीत, गाठ मारायला लावलीत, ओढायला लावलीत. चुकलं की म्हणायचात, "फिरसे." वीस वेळा तरी. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजीले कायले दुपट्टे नेसवून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "शाळेत आता हेच बांधतीन."

मी निघालो तेव्हा तुम्ही विचारलंत, "नोकरी पक्की व्हाले किती दिवस हाय तुमची?"

"वर्ष आहे अजून."

"मंग ठीक हाय," तुम्ही म्हणालात आणि दोरी गुंडाळायला लागलात.

एवढंच. त्या दिवसात आणि नंतरच्या एकोणीस वर्षांत त्या गोष्टीवर तुम्ही एवढंच बोललात. कच्च्या नोकरीतल्या मास्तराच्या हातून झेंडा उलटा होणं म्हणजे काय, हे तुम्ही खांबाशी उभे राहून, अंगठा गाठीवर असतानाच मोजून घेतलं होतं. माझ्या नोकरीवर माझं लग्न झालं, दोन मुली शिकल्या, घर झालं. आज मी त्याच शाळेत मुख्याध्यापक आहे. ज्या कपाटात झेंडा असतो त्याच्या खालच्या खणात तुमचा माफीनामा असलेली फाईल आहे. अक्षर माझं. मी ती फाईल दोनदा फाडायला काढली आणि परत ठेवली.

पण काकाजी, मला तुमचा रागही येतो. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे. तुमच्याच छपरीत बसून तुम्ही मला सांगितलं होतं, की पलटणीत चूक झाली की उस्ताद विचारतो, किसकी गलती है? ज्याची असेल त्यानं दोन पावलं पुढे यायचं, बाकीच्यांनी समोर पाहायचं. मी म्हटलं होतं, "आणि नाहीच आला पुढे तर?"

"येते."

"पण समजा, नाही आला."

"समजा काऊन? तुमी मास्तर लोक समजा-समजा करत राह्यता. मानूस येते पुढं. जरा येळ देल्ला पाह्यजे."

मग मला का नाही दिलात वेळ? साहेबांचा प्रश्न पुरता संपला नाही तोवर तुम्ही दोन पावलं पुढे गेला होता. तुम्ही दहा श्वास थांबला असता, तर कदाचित मी आलो असतो पुढे. मी हे स्वतःला कितीदा सांगितलं आहे. आज कागदावर लिहिल्यावर दिसतंय की ते खोटं आहे. मी आलो नसतो. मला बूट दिसत होते, दुसरं काही नाही. तुम्ही पलटणीत हजार माणसं पाहिली होती. कोण पुढे येतं आणि कोण येत नाही हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळत असावं. म्हणूनच तुम्ही थांबला नाहीत. हे मला तुमच्या उपकारापेक्षा जास्त लागतं.

त्यानंतर तुम्ही शाळेचं फाटक ओलांडलं नाही. नवे अध्यक्ष आले, त्यांनी बोलावणं पाठवलं. तुम्ही "तब्येत बरी नाई" म्हणालात. पण दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तुम्ही निळा कोट घालून शाळेच्या तारेच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभे राहायचात. झेंडा उघडला की सलाम. राष्ट्रगीत संपलं की मागे वळून घरी. आत मी झेंडा बांधलेला असायचा, तुमच्या रीतीनं, खुंटी ओठांत धरून. एका वर्षी काकूंच्या हाती निरोप आला होता, "मास्तरले सांगजो, फुलं जास्त झाले." मी दुसऱ्या वर्षी कमी टाकली. आतून बाहेर आणि बाहेरून आत, आपली बोलाचाल अशी चालू होती. मी फाटकापर्यंत येऊन "काकाजी, आत या" म्हणू शकलो असतो. साधं होतं. तुम्ही आला असतात तर लोकांनी विचारलं असतं, आणि मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

यंदा उन्हाळ्यात तुमची छाती भरली. सेवाग्रामला तीनदा मीच तुम्हाला गाडीतून नेलं. तिसऱ्या वेळी परत येताना आपण दोघंच होतो. काकू मागे राहिल्या होत्या, औषधं आणि कागद घेऊन बसनं येणार होत्या. सेलूच्या अलीकडे मी म्हटलं, "काकाजी, एक सांगायचं होतं."

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "समोर पाहा मास्तर. ट्रक येऊन राह्यला."

ट्रक खरंच येत होता. तो गेला. मग सेलू आलं, गेलं. तुम्ही डोळे मिटून घेतले. गाव जवळ आल्यावर डोळे न उघडताच म्हणालात, "गाडी चांगली चालवता." मला त्या वेळी ते हसण्यासारखं वाटलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी काकूंनी हाक मारली. मी पोचलो तेव्हा संपलं होतं. तुम्ही खाटेवर सरळ होता, हात बाजूला, जसे सावधानमध्ये असतात. काकू म्हणाल्या, "म्याच केले सरळ. त्याईले वाकडं झोपलेलं आवडे नाई."

माजी सैनिक आले, टोप्या घालून. त्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, शाळेचा तिरंगा मिळेल का अंगावर घालायला. मी नाही म्हणालो. तुम्हीच मला कितीदा सांगितलं होतं की सरकारी मानवंदना नसेल तर झेंडा अंगावर टाकायचा नाही, नियम नाही. मी नियम पाळला. पण माझ्या 'नाही'चा अर्थ लोकांनी दुसरा लावला असेल, असं मला आता वाटतं. तुमच्या जातीच्या रीतीप्रमाणे तुम्हाला वावराच्या कडेला मूठमाती दिली. सैनिकांनी सलाम दिला. आणि माझ्या मागे उभा असलेला, बाजूच्या गावाहून आलेला एक पाहुणा दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हेच ना बे थे, उलट्या झेंड्यावाले?" "हो," दुसरा म्हणाला, "पन मानूस चांगला होता म्हनते."

मी मागे वळलो नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्याकडे गेलो. काकू छपरीत एकट्याच होत्या. कपडे वाळायची दोरी सोडवायला बसल्या होत्या, आणि गाठ त्यांना सुटत नव्हती. म्हणाल्या, "घरातल्या साऱ्या गाठी त्याईच्याच हाताच्या हाय. मले एक येत नाई." मी ओढ दिली, एका ओढीत सुटली. त्यांनी ते पाहिलं.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचारा ना काकू."

"तो झेंडा त्याईनं खरंच उलटा बांधला होता काय?"

मी हातातली दोरी खाली ठेवली.

"मी त्याईले लय वेळा विचारलं. 'हो, माह्याच हातून झालं,' म्हने. बस. पन मी त्या मान्साले खाटा विणताना पाह्यलं हाय, बैलं बांधताना पाह्यलं हाय. अंधारातबी त्याईचा हात चुके नाई. मंग तवाच कसा चुकला? तुमी तं शाळेतच होते. तुमाले मालूम असन."

त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. तुमच्यावर शंका घेऊन घेऊन त्या दमल्या होत्या, आणि शेवटी ज्याला माहीत असेल अशा माणसाला विचारत होत्या. एकोणीस वर्षं तुम्ही बायकोशीही खोटं बोललात, माझ्यासाठी. ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. मला वाटत होतं निदान घरात तरी तुम्ही मोकळे असाल. तुम्ही घरातही सावधानमध्येच उभे होता.

आणि मी काय म्हणालो? "काकू, जुनी गोष्ट आहे. जाऊ द्या."

"जाऊच देल्ली ना," त्या म्हणाल्या. दोरी गुंडाळून आत गेल्या.

त्या रात्रीपासून आज लिहीपर्यंत मी बरं झोपलेलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी झोपलो. जेवलो. शाळा सुरू झाली, पुस्तकं वाटली. माणसाला सगळं जमतं. फक्त त्यांच्या छपरीसमोरून जाणं मी टाळलं. दुकानाच्या बाजूनं वळसा घालून शाळेत जातो.

हे छापून येईल तेव्हा गावात कोणी वाचेल, कोणी वाचणार नाही. काकूंना वाचता येत नाही. बाबा आता ऐंशीचे आहेत, त्यांना ऐकूच कमी येतं. कागदावर खरं लिहिणं मला सोपं गेलं, कारण इथे समोर कोणी नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिवून काय देता मास्तर, तोंड नाई काय?" लेखी मी तुमच्याकडूनही एकदा घेतलं आहे. त्याची किंमत मला माहीत आहे.

तुमचे आभार मानायचे तर कशाकशाचे मानू? पण ते मानून मी मोकळा होईन, म्हणून मानत नाही. महिन्यानं पंधरा ऑगस्ट आहे. माईक माझ्याच हातात असतो. मुख्याध्यापकाला कोणी थांबवत नाही. त्या दिवशी बोलेन, असं वचनही तुम्हाला देत नाही. माझ्या मनातल्या वचनांचं काय होतं ते आपण दोघं जाणतो.

माझ्याकडून राहिलेलं आहे ते इतकंच. काकूंसमोर बसून सांगायचं, की काकाजींचा हात चुकला नव्हता, झेंडा मी बांधला होता. आणि मग तेच, तुमचं पूर्ण नाव घेऊन, गावासमोर उभं राहून सांगायचं. आज हे लिहीपर्यंत मी यातलं एकही केलेलं नाही.